वऱ्हाडातली तालुक्याची गावं कशी बघावीत?

काळी_माती

नोकरीमुळे वऱ्हाडात माझं सतत फिरणं असतं. बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती हे जिल्हे जास्त, यवतमाळ जरा कमी. पुण्या-मुंबईचे मित्र दरवेळी एकच विचारतात, "तिकडं बघण्यासारखं काय आहे?" मी लोणार आणि शेगाव सांगतो. ते खूश होतात, एका दिवसात दोन्ही उरकतात आणि परत जातात. मधे मेहकर लागतं, खामगाव लागतं, पण काच खाली करून कोणी बघत नाही. चौकातला पुतळा, कृषी केंद्रांच्या पाट्या, मोबाइलची दुकानं, रसवंती. चौकातून बघितलं तर ही सगळी गावं सारखी आहेतच, त्यात मित्रांचा दोष नाही.

माझं म्हणणं एवढंच की इथं प्रेक्षणीय स्थळांची यादी फारशी कामाला येत नाही. गावात उतरल्यावर विचारायचं ते हे, की हे गाव कशाच्या जोरावर मोठं झालं आणि तो जोर पुढे कोण घेऊन गेलं? याचं उत्तर मिळालं की वेस, पेठ, स्टेशन, बाजार समिती, सगळं आपोआप जागच्या जागी बसतं.

सुरुवात घाटापासून करा. बुलढाणा जिल्ह्यातला माणूस पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकतो की तो घाटावरचा की घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद घाटाखाली. जुन्या कागदांत अख्ख्या वऱ्हाडाचेच बालाघाट आणि पायनघाट असे दोन भाग केलेले आहेत. घाटाखालचं पाणी पूर्णेतून तापीला जातं, घाटावरचं पैनगंगा आणि खडकपूर्णेतून शेवटी गोदावरीला. म्हणजे एकाच जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या समुद्रांच्या वाटेला लागलेल्या. खामगावहून बोथ्याच्या घाटाने किंवा मलकापूरकडून राजूरच्या घाटाने वर चढा, हवा बदललेली तुमची तुम्हालाच कळेल. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं बुलढाण्याला नेलं ते उगाच नाही.

दुसरी रेघ रेल्वेची. १८६७ मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोचली, ती घाटाखालच्या सपाटीतून. मलकापूर, नांदुरा, शेगाव, मूर्तिजापूर रुळावर आले. त्याआधी मोठी असलेली बाळापूर, कारंजा, अचलपूर बाजूला पडली. खामगावही मुख्य रुळावर नव्हतं. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आणला होता की खामगावच्या बाजारासाठी जलंबहून वेगळा फाटा टाकला गेला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. रुईच्या गाठींसाठी व्हाइसरॉय खामगावात! आज त्याच फाट्यावरून जाणारी गाडी बघितली तर हे कोणाला खरं वाटणार नाही.

तुमच्या ओळखीच्या गावांबद्दल लिहा. देवळांची यादी नको, गाव कसं चालतं ते लिहा.

एसटीवाली

मस्त धागा. मी एकटी फिरते आणि लालपरीनेच. २०२३ पासून आम्हाला अर्धं तिकीट झालंय, तेव्हापासून तालुक्याच्या बसमध्ये बायकाच जास्त दिसतात. बाजाराला, माहेरी, दवाखान्यात, लेकीला कॉलेजात सोडायला. गावाची खरी माहिती मला याच बसमध्ये मिळते. शेजारी बसलेली मावशी पहिल्या दहा मिनिटांत तुमचं नाव, आडनाव, गाव, लग्न आणि पगार विचारून घेते. एकदा तेवढं झालं की मग तुम्ही काहीही विचारा.

मुक्कामाचं सांगते. शेगावला भक्तनिवासात स्वच्छ सोय होते, तिथून खामगाव, बाळापूर, नांदुरा, जळगाव जामोद सगळं जाऊन-येऊन होतं. घाटावर मुक्काम बुलढाण्याला केलेला बरा. बाकी ठिकाणी लॉज बघून घ्यायचा, पटला नाही तर सरळ शेवटची बस पकडायची. पण ती बस कधीची ते कंट्रोलरच्या खिडकीवरच विचारा. फलकावर लिहिलेल्या वेळा ही शोभेची वस्तू आहे.

तळ्याकाठी

विषय छान, पण जरा जमिनीवर या. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळिसावर जातो. बाळापूरच्या किल्ल्यात झाडोरा. अचलपूरचा हौज कटोरा, हौदातला जुना महाल, शेतात एकटा पडलेला, पाटी नाही, रस्ता नाही. लोक येत नाहीत कारण त्यांना घेऊन जाण्यासारखं आपण काही ठेवलेलं नाही. "गावाचा जोर समजून घ्या" वगैरे ऐकायला बरं वाटतं, पण पोरांना घेऊन फिरणाऱ्या माणसाला आधी स्वच्छ संडास लागतो.

काळी_माती

तळ्याकाठी, संडासाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मे महिन्यात कोणी येऊच नये, तेव्हा आम्ही इथलेसुद्धा दुपारी घराबाहेर पडत नाही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत या. तेव्हा सोयाबीन-कापूस बाजारात असतो, त्यामुळे गावात पैसाही खेळत असतो.

पाटी नाही म्हणून बघू नये हे मात्र पटत नाही. बाळापूरचंच घ्या. मन आणि म्हैस नद्यांच्या मधे भाजलेल्या विटांचा किल्ला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केला आणि १७५७ मध्ये अचलपूरच्या नवाबाने पुरा केला असं सांगतात. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्री आहे, शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे तेच. मोगलांच्या फौजा, व्यापारी, तांडे सगळे या गावावरून जायचे. रेल्वे शेगाव-अकोल्याने गेली आणि बाळापूरच्या वाट्याला हमरस्ता तेवढा राहिला. हे माहीत असलं की पेठेतल्या जुन्या वाड्यांचे भलेमोठे दरवाजे बघताना कोड्यात पडायला होत नाही.

अंजनगाववाला

काळी_माती भाऊ, तुम्ही सारं लिवलं अन् आमचं अंजनगाव सुर्जी सोडून देल्लं. काहून बाप्पा?

आमचं गाव म्हंजे दोन गावं हायेत, इकडं अंजनगाव अन् शहानूर नदीच्या पलीकडं सुर्जी. इतिहासवाले सुर्जी-अंजनगावचा तह म्हनतात थो इथलाच, ३० डिसेंबर १८०३, शिंद्याचा अन् इंग्रजाचा. पन गाव चालते थे तहावर नाई, पानावर. बारी समाजाचे पानमळे हायेत आमचे. पाव्हना आला का मी त्याले पयले पानमळ्यात नेतो. चप्पल बाहीर काढा लागते, मंग अंदर. शेवऱ्या-पांगऱ्याच्या झाडावर वेल चढोलेला, चारी बाजूनं ताटी लावून वारा अडोलेला, वरून सावली. बाहीर ऊन असू द्या, अंदर गेलं का अंग गार पडते. पान खुडाचं नखानं, देठासकट, मंग वल्ल्या फडक्यात रचून ठेवाचं.

अन् दुसरं पीक पानपिंपरी. थेही वेलच. त्याची शेंग वाळवली का काळी पडते, आयुर्वेदाच्या औषधाले जाते. अकोट, अंजनगाव, अचलपूर एवढ्याच पट्ट्यात दिसन तुमाले. सातपुड्याचं गोडं पानी हाय म्हनून. धा-वीस कोस खाली दर्यापूरकडं गेलं का खेळ खतम, तिथं पानीच खारं.

विहीर_बारव

अंजनगाववाल्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. घाट आणि रेल्वे यांच्या जोडीला तिसरी रेघ ही, खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तिन्ही जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. वर खोल काळी जमीन, खाली खारं पाणी. विहीर खणली तरी पीक भिजवता येत नाही, भिजवलंच तर जमीन बिघडते. म्हणून या भागात पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू कापूस, तूर, मूग, हरभरा. बाहेरच्याला वाटतं इतकी सुपीक जमीन आणि उन्हाळ्यात शेतं ओसाड कशी? आळस नाही, पाणी खारं आहे.

माझं सासर दर्यापूर तालुक्यातलं. सासूबाई सांगतात, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, हंड्याच्या काठाला पांढरी कड धरायची. पिण्याचं पाणी लांबून आणायचं. पुढे शहानूर धरणाचं पाणी नळाने आलं. आजही त्या बाजूच्या जुन्या बायका पाहुण्याला पाणी देताना "गोडं हाय" असं सांगून देतात. तुम्ही पर्यटक म्हणून दर्यापूरला गेलात तर हे दिसणार नाही. दिसेल ते एवढंच, की गावात विहिरी आहेत आणि एकीवरही रहाट नाही.

जळगाव जामोद, संग्रामपूरकडे तर किडनीच्या आजाराने घरंच्या घरं पोखरली आहेत. गावाची ओळख करून घ्यायची म्हणता तर हेही त्यातच आलं.

फौजेची_वाट

लढायांचं मी थोडं जोडतो. १८०३ मध्ये २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि महिनाअखेर सुर्जी-अंजनगावला तह. महिन्याभराचा हा सगळा कारभार तेल्हारा ते चिखलदरा एवढ्या पट्ट्यात झाला. एका दिवसाच्या गाडीच्या रपेटीत तिन्ही होतं.

दुसरी जागा कोणीच बघत नाही, साखरखेर्डा. सिंदखेडराजा तालुक्यातलं मोठं गाव. १७२४ मध्ये इथंच निजाम-उल्‌-मुल्काने मोगलांचा सुभेदार मुबारिझखान याला मारलं आणि हैदराबादचं राज्य पक्कं केलं. गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं होतं, लोकांनी साखरखेर्डाच ठेवलं. निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला १८५३ मध्ये. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांच्या भानगडीचं मूळ या गावात आहे. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला लाखो माणसं येतात, त्यांतली साखरखेर्ड्याला वळणारी बोटावर मोजण्याइतकी.

मापारी

मी कारंज्याचा. कारंजा (लाड) म्हटलं की लोक गुरुमंदिर सांगतात, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, ते बरोबरच आहे. पण काळी_माती म्हणतात तसं "जोर कशाचा" विचाराल तर आमच्या वेशींची नावं वाचा. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. दारव्हा, मंगरूळ, पोहा जवळचेच. पण एका वेशीने थेट दिल्लीचं नाव घेतलं आहे! शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये कारंजा लुटलं, ते रिकाम्या गावाला कोण लुटतं?

जैन व्यापाऱ्यांचा पैसा होता. काष्ठासंघ या जैन पंथाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम बघा, सावकाश बघा, पुजाऱ्यांना विचारून. इथल्या पोथ्यांच्या भांडारांत अपभ्रंश भाषेतली जुनी काव्यं निघाली आणि हिरालाल जैनांनी ती संपादित केली. जगभरचे अभ्यासक त्यासाठी कारंज्याचं नाव घेतात आणि आमच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्याला त्याचा पत्ता नाही.

आता माझ्या धंद्याचं. बाजार समितीत हर्रास बघायला या. कोणी अडवत नाही, फक्त ढिगावर पाय देऊ नका. सोयाबीनचे ढीग ओळीने ओतलेले असतात, प्रत्येकाशेजारी शेतकरी उभा. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो. एक जण मूठ आत खुपसून खालचा माल वर काढतो, वरचा माल कोणी बघतच नाही. तळहातावर फुंकर, दोन दाणे दाताखाली. कट्‌ असा आवाज आला तर सुकलेला, दबला तर ओला, मग ओलाव्याचं यंत्र काही म्हणो. बोली इतकी भरभर चढते की नवख्याला आकडे कळत नाहीत. अडत्या चिठ्ठी फाडतो, हमाल पोती धरतात, आम्ही माप घालतो. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. शेतकऱ्याचं अख्खं वर्ष त्या दोन-तीन मिनिटांत ठरतं आणि त्यातला निम्मा वेळ तो व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्क त्याला आहे. पण परतीच्या गाडीचं भाडं कोण देणार?

एसटीवाली

मापारी, हे तुम्ही वेगळा लेख म्हणून लिहा ना.

खडखड_डबा

शकुंतलेचा विषय कोणीच काढला नाही? मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर, अडीच फुटी रुळांवरची गाडी. मालकी इंग्रज काळातल्या खासगी कंपनीची आणि स्वातंत्र्यानंतरही गाडी त्याच कराराखाली धावत राहिली. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल. कारंजा, दारव्हा ही गावं याच रुळावर. कापूस मूर्तिजापूरला आणून मोठ्या गाडीत चढवायचा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता ती बंद आहे. मूर्तिजापूरचं नॅरोगेजचं आवार बघून येणारे रेल्वेवेडे बरेच आहेत. पण आलाच आहात तर गाडगेबाबांची जागाही बघा. बाबांचं बालपण याच तालुक्यात मामाच्या गावी गेलं. पूर्णेकाठी ऋणमोचनला त्यांनी बांधलेला घाट आहे.

तळ्याकाठी

बघा, शकुंतला बंद, पेठा ओस, पोथ्या कपाटात. म्हणजे शेवटी मी म्हणालो तेच. गेलेल्या वैभवाच्या गोष्टी सांगायच्या आणि आज काय आहे ते विचारलं की गप्प बसायचं.

काळी_माती

गप्प कशाला? आजचंच सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला. नकाशा काढून बघा तो कुठून जातो. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा. रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी जी बाजू टाळली, नेमकी तीच बाजू. खामगाव-जालना रेल्वेची मागणी करता करता घाटावरच्या तीन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, रेल्वे आली नाही आणि हा रस्ता आला. मेहकरचा भाजीवाला आता रात्री माल भरून सकाळी मुंबईकडच्या बाजारात असतो. इंटरचेंजजवळच्या जमिनींचे भाव विचारू नका, भाऊबंदकीचे दावे किती वाढले ते तहसीलच्या आवारातल्या गर्दीवरून कळतं.

आणि उलटंही तितकंच खरं आहे. जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरचे ढाबे, पंक्चरवाले, चहाच्या टपऱ्या बसल्या. मोठ्या गाड्या वरून जातात, गावात उतरत नाहीत. म्हणजे बाळापूरचं जे रेल्वेने केलं, ते या टपऱ्यांचं महामार्ग करतोय. फरक इतकाच की हे आत्ता चाललंय, कोणालाही जाऊन बघता येईल.

खामगावची चांदी हेही आजचंच. कापसाचा जोर ओसरला तरी गावाने चांदीवर नाव टिकवलं. देवांचे मुखवटे, प्रभावळी, मखरं इथून बाहेर जातात. अचलपूरचं म्हणाल तर १९०५ पर्यंत ते जिल्ह्याचं ठिकाण होतं. वाशिमचाही जिल्हा तेव्हाच गेला, त्यांना १९९८ मध्ये परत मिळाला. अचलपूर अजून मागतंच आहे. शेजारी इंग्रजांच्या छावणीचं परतवाडा वाढून बसलंय, लाकडाचा बाजार तिकडं, मेळघाटची वर्दळ तिकडं, नगरपरिषद मात्र दोघांची एकच. दुल्हा दरवाज्याच्या आतल्या माणसाला परतवाड्याबद्दल आणि परतवाड्यातल्याला अचलपूरबद्दल एकेकदा विचारून बघा, करमणुकीची हमी माझी.

अंजनगाववाला

भाऊ, थे इचारू नका, दोघं मिळून तुमालेच धरतीन.

वाचनमात्र

इतके दिवस नुसती वाचत होते, आता विचारते. नवरा, मी आणि सासरे असे तिघं दिवाळीच्या सुट्टीत येतोय, नाशिकहून रेल्वेने. चार दिवस आहेत. शेगावचं दर्शन सासऱ्यांसाठी नक्की. बाकी काय जमेल? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे गड-किल्ले नकोत.

काळी_माती

शेगावला उतरा, पहिला दिवस दर्शन आणि आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळापूर, तिथली छत्री गाडीतून उतरल्यावर फार चालायला लावत नाही, आणि संध्याकाळी खामगावची चांदीची पेठ. तिसऱ्या दिवशी बोथ्याच्या घाटाने वर, मेहकरला शारंगधर बालाजी. १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली ही मूर्ती देखणी आहे, काळ्या दगडातलं काम इतकं बारीक मी दुसरीकडे बघितलेलं नाही. तिथून लोणार. विवराच्या तळाशी सासऱ्यांना नेऊ नका, वरूनच बघा आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर करा, ते सपाटीवर आहे. चौथ्या दिवशी कारंजा आणि मूर्तिजापूरहून परतीची गाडी.

मापारी

कारंजा शेवटी ठेवताय तर एक लक्षात घ्या. दिवाळीत बाजार समिती काही दिवस बंद असते, हर्रास बघायचाच असेल तर कधी सुरू होणार ते आधी विचारा. सुरू असेल तर सकाळी लवकर या. दुपारी आलात तर झाडलेला ओटाच बघायला मिळेल. आणि शेगाव-लोणार-कारंजा गाडी ठरवताना ड्रायव्हर घाटावरचा घ्या, खालचे लोक मेहकरच्या पुढचा रस्ता विचारत विचारत जातात.